तोफांसाठी राखलेली जमीन

व्हिएन्नाच्या ज्या रस्त्याचे फोटो काढायला जगभरातली माणसं जातात, त्या रस्त्याची जमीन पावणेदोनशे वर्षं मुद्दाम उघडी ठेवलेली होती. शहराच्या तटापासून चारशे-साडेचारशे मीटरपर्यंत कोणीही घर बांधायचं नाही, असा लष्कराचा दंडक होता. शत्रू चाल करून आला तर त्याला आडोसा मिळू नये आणि बुरुजावरच्या तोफांना समोरचं सगळं स्वच्छ दिसावं, एवढंच त्यामागचं कारण. या पट्ट्याला तिथे ‘ग्लासी’ म्हणत. रिंगश्ट्रासे हा गोल रस्ता, त्यावरचं ऑपेरा हाऊस, संसद, विद्यापीठ, नगरभवन, दोन मोठी संग्रहालयं, बागा हे सगळं त्या उघड्या पट्ट्यावर आणि पाडलेल्या तटाच्या जागेवर उभं आहे.

माझी उभी नोकरी नगर भूमापन खात्यात गेली. मिळकत पत्रिका, हद्दीचे वाद, वारसनोंदी, फेरफार. त्यामुळे देखणी इमारत दिसली की माझ्या मनात आधी येतं, ही जागा मुळात कोणाची? आमच्या ह्यांना या सवयीचा वैताग आहे. व्हिएन्नाला जायचं ठरलं ते ह्यांच्या संगीतवेडापायी, आणि मुक्काम जेमतेम होता. ह्यांनी यादीत मोझार्ट, बीथोवन, श्ट्राउस लिहिले. मी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, ‘तट कधी पाडला? पैसे कोणी घेतले?’ ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “अगं, तिथे तरी साहेबीण होऊ नकोस.”

पण त्या शहराची गोष्ट तटापासूनच सुरू होते, त्याला मी काय करणार. तट बांधला तोही परक्याच्या पैशातून. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतत असताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला. ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डशी त्याचं पॅलेस्टाइनमध्ये वाजलं होतं, त्यामुळे लिओपोल्डनं त्याला ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात डांबलं. सुटकेसाठी इंग्लंडनं जी प्रचंड चांदी मोजली, तिच्यातल्या लिओपोल्डच्या वाट्यातून व्हिएन्नाचा तट वाढवला गेला. पुढे १५२९ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानच्या फौजा येऊन धडकल्या, तेव्हा हा जुना तट कसाबसा टिकला. मग शंभरेक वर्षं खपून इटालियन पद्धतीचे जाड, बाणाच्या टोकासारखे बुरूज बांधले, खंदक खोदले. १६८३ मध्ये तुर्क पुन्हा आले, या वेळी वजीर कारा मुस्तफाबरोबर. दोन महिने वेढा चालला, सुरुंगांनी बुरूज फुटले. अखेर १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि जर्मन फौजा डोंगरावरून उतरल्या आणि शहर वाचलं. बाहेरच्या पट्ट्यात बांधकामबंदीची खरी करडी अंमलबजावणी झाली ती या वेढ्यानंतर.

शत्रू मात्र त्यानंतर तुर्कस्तानातून आलाच नाही. आला तो फ्रान्सहून. १८०९ मध्ये नेपोलियननं व्हिएन्ना घेतलं आणि जाताना राजवाड्यासमोरचे बुरूज उडवून दिले. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे फोक्सगार्टन ही बाग झाली. आज तिथे गुलाबाचे ताटवे आहेत. तटाचा लढाईतला उपयोग तिथेच संपला होता. उरला तो फिरायला. त्याआधीच, सम्राट योझेफ दुसऱ्याच्या काळात, ग्लासीवर झाडं लावली, पायवाटा आखल्या होत्या. संध्याकाळी लोक बुरुजांवर हवा खायला येत, आत राजवाड्यांची कौलं आणि बाहेर उपनगरं बघत. उपयोग संपला तरी तट पडत नव्हता, कारण तो लष्कराच्या ताब्यात होता. ताबा म्हणजे काय चीज असते, हे आमच्या खात्यातल्या कोणालाही विचारा.

१८४८ च्या क्रांतीत लष्कराला तट राखायचं नवं कारण सापडलं. त्या ऑक्टोबरात जमावानं युद्धमंत्री लाटूर याला ठार मारून दिव्याच्या खांबाला लटकावलं. आता भीती बाहेरच्या शत्रूची नव्हती, उपनगरांतल्या कामगारांची होती. १८५३ च्या फेब्रुवारीत तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ बुरुजावर फेरफटका मारत असताना लिबेनी नावाच्या हंगेरियन शिंप्यानं त्याच्या मानेवर सुरा चालवला. सोबतचा अधिकारी ओडोनेल आणि तिथूनच जाणारा एटनराइश नावाचा खाटीक यांनी मारेकऱ्याला धरलं. सम्राट वाचला म्हणून त्याच्या भावानं वर्गणी गोळा केली आणि व्होटिफकिर्श हे दोन उंच मनोऱ्यांचं चर्च बांधायला घेतलं. पायाभरणी १८५६ मध्ये, म्हणजे तट उभा असतानाच आणि बांधकामबंदीच्या पट्ट्यात. नियमात पहिली सूट देवाच्या नावानं मिळाली, हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही.

मग २० डिसेंबर १८५७ ला सम्राटानं गृहमंत्री आलेक्झांडर फॉन बाख याला पत्र धाडलं. माझी अशी इच्छा आहे, असं म्हणूनच त्याची सुरुवात होते. तट पाडावा, खंदक बुजवावा, जुनं शहर आणि उपनगरं जोडावीत. नाताळच्या दिवशी ते पत्र सरकारी वर्तमानपत्रात छापून आलं आणि लोकांना कळलं. पुढच्या मार्चमध्ये पाडकाम सुरू झालं. योहान श्ट्राउसनं (धाकट्यानं) या पाडकाऱ्यांवर एक पोल्का रचली, ती ह्यांनी हॉटेलवर मोबाइलवर लावून ऐकवली. चांगली ठसकेबाज आहे.

त्या पत्रातला माझ्या आवडीचा भाग पैशाचा. तट पाडून मोकळी होणारी जमीन खाजगी लोकांना प्लॉट पाडून विकायची आणि त्या पैशाचा वेगळा निधी करून त्यातून सार्वजनिक इमारती बांधायच्या. सरकारी तिजोरीत तेव्हा खडखडाट होता, त्यामुळे हाच मार्ग होता. हा ‘नगरविस्तार निधी’ गृहमंत्रालयाच्या हाती दिला गेला, शहराच्या नगरपालिकेच्या नाही. ग्लासी आपली आहे, असं पालिकेचं म्हणणं होतं. चाललं सरकारचं. लष्करानंही आपला वाटा घेतला. तटाच्या बदल्यात नव्या बराकी उभ्या राहिल्या, लाल विटांच्या, किल्ल्यासारख्या. त्यातली रोसाउअर बराक कालव्याकाठी अजून आहे. रस्ता ५७ मीटर रुंद ठेवला. अशा रस्त्यावर झाडांच्या रांगा शोभतात, बग्ग्या शोभतात आणि अडथळे रचणं फार कठीण जातं. १८४८ चं त्यांच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

मुंबईच्या माणसाला इथे आपलं काही आठवल्याशिवाय राहत नाही. माझी पहिली नेमणूक फोर्टात होती. व्हिएन्नाचा तट पाडून रिंग बांधली जात होती त्याच सुमारास, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. कोटाबाहेरचं एस्प्लनेड मैदानही तोफांच्या माऱ्यासाठीच उघडं ठेवलेलं होतं. तिथेही जमिनी विकून पैसा उभारला, तिथेही सट्ट्याचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताच कापसाबरोबर सगळे शेअर बुडाले. चर्चगेटला जसं आता गेट नाही, तसं व्हिएन्नाच्या शॉटनटोर स्टेशनापाशीही वेस राहिलेली नाही. फरक एवढाच, की मुंबईनं ओव्हल, आझाद मैदान, क्रॉस मैदान असे मोठे तुकडे मोकळे सोडले आणि व्हिएन्नानं बागा सोडून बाकी सगळं बांधून काढलं. या बाबतीत मी मुंबईला जास्त गुण देते.

आराखड्यासाठी १८५८ मध्ये स्पर्धा लावली. ८५ प्रवेशिका आल्या. तीन आराखड्यांना बक्षिसं मिळाली आणि त्यांतून घेऊन सरकारी अधिकाऱ्यांनी एक चौथाच नकाशा तयार केला. तो १८५९ मध्ये मंजूर झाला. १ मे १८६५ ला सम्राटानं रस्त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा दोन्ही बाजूंना इमारतींपेक्षा मातीचे ढीग जास्त होते.

प्लॉट घेतले कोणी? जुन्या सरदार घराण्यांचे वाडे आतल्या शहरात होतेच. त्यांतल्या बहुतेकांनी या नव्या रस्त्याकडे नाक मुरडलं. घेतले ते बँकवाल्यांनी, गिरणीमालकांनी, धान्याच्या व्यापाऱ्यांनी. वेळेत बांधून पुरं करणाऱ्याला तीस वर्षांची करमाफी होती. ज्यू लोकांना १८६० पर्यंत व्हिएन्नात जमीनजुमला घेण्याची मोकळीक नव्हती. ती मिळताच टोडेस्को, एफ्रुसी, एप्श्टाइन अशी कुटुंबं इथे आली. या इमारतींना बाहेरून बघणारा राजवाडा समजतो. आत त्या भाड्याच्या चाळीच आहेत, फक्त श्रीमंतांच्या. खाली दुकानं आणि कचेऱ्या, वरच्या उंच छताच्या मजल्यावर मालक, त्याच्या वर भाडेकरू, अगदी वर नोकरचाकर. जिना मालकाच्या मजल्यापर्यंत संगमरवरी, तिथून पुढे साधा. दर्शनी भागातली नक्षी, पुतळे, मोठमोठे दगडी चिरे यांतलं पुष्कळसं विटांवर केलेलं गिलाव्याचं आणि भाजक्या मातीचं काम आहे. आडोल्फ लोस या वास्तुकारानं १८९८ मध्ये याच गोष्टीवर झोड उठवली, या शहराला त्यानं देखाव्याचं, पोटेम्किनचं शहर म्हटलं. मला ते जरा जास्त वाटतं. भाडं जास्त यावं म्हणून दर्शनी भाग नटवणारा मालक कुठल्या शहरात नसतो?

विटांबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण तिथल्या माहितीफलकांवर मला त्या कुठे भेटल्या नाहीत. शहराच्या दक्षिणेला व्हिनरबर्गची टेकडी आहे. तिथल्या मातीच्या विटा हाइनरिश द्राशे याच्या भट्ट्यांत भाजल्या जात. त्याच्या आद्याक्षरांचा शिक्का असलेल्या विटा आजही जुन्या घरांच्या पाडकामात निघतात. या माणसानं ऑपेरा हाऊससमोर हाइनरिशहोफ नावाची प्रचंड इमारत बांधली. भट्ट्यांवर राबायला बोहेमिया-मोराव्हियातून चेक माणसं यायची, बायकापोरांसकट. १८८८ मध्ये व्हिक्टर आडलर हा डॉक्टर चोरून त्या भट्ट्यांवर गेला आणि आपल्या वर्तमानपत्रात त्यानं तिथली हकिकत छापली. मजुरी पैशात नव्हे, पत्र्याच्या बिल्ल्यांत मिळे. ते बिल्ले कंपनीच्याच खाणावळी-दुकानांत चालत, तिथे माल महाग. झोपायला भट्टीच्या आवारातले कोंदट हॉल. कुटुंबं आणि एकटे गडी एकत्र. एका खोलीत बाळंतपण होत असताना बाकीची माणसं तिथेच होती, हेही त्यानं लिहिलं. भट्ट्या तोवर द्राशेच्या एकट्याच्या राहिल्या नव्हत्या, कंपनीच्या झाल्या होत्या. वर्तमानपत्र पुढे बंद पाडलं गेलं, आडलरला तुरुंग घडला आणि त्यानंच ऑस्ट्रियाचा समाजवादी पक्ष बांधला. द्राशेची ती इमारत दुसऱ्या महायुद्धात बाँबनं जळाली आणि नंतर पाडून टाकली.

ह्यांचं ऑपेरा हाऊस तिच्यासमोरच. एदुआर्ड फान डेर न्युल आणि आउगुस्ट झिकार्ड्सबुर्ग हे दोघे जन्माचे मित्र त्याचे वास्तुकार. १८६३ मध्ये पायाभरणी झाली, आणि काम चालू असताना समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे मीटरभर वर घेतली गेली. इमारत खाली बसल्यासारखी दिसू लागली. चूक यांची नव्हती, पण टवाळी यांची झाली. ‘बुडालेली पेटी’ असं लोक म्हणू लागले. टीका असह्य होऊन न्युलनं एप्रिल १८६८ मध्ये गळफास घेतला. झिकार्ड्सबुर्ग आजारीच होता, तो दोन महिन्यांनी गेला. २५ मे १८६९ ला मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’नं पडदा वर गेला, तेव्हा दोघांपैकी कोणी ते बघायला नव्हतं. सम्राटानंही इमारतीबद्दल कुत्सित उद्गार काढले होते, आणि या मृत्यूंनंतर त्यानं कुठल्याही कलाकृतीवर ‘फार छान, मला आनंद वाटला’ एवढंच म्हणायचं ठरवलं, असं सांगतात. १२ मार्च १९४५ च्या बाँबफेकीत प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. दर्शनी भाग आणि मोठा जिना वाचला. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५५ ला, बीथोवनच्या ‘फिडेलिओ’नं ते पुन्हा उघडलं. आम्ही उभ्याच्या तिकिटावर आत गेलो. ही उभं राहून ऐकण्याची जुनी सोय मला त्या शहरातली सगळ्यात सभ्य गोष्ट वाटली. मी मध्यंतरापर्यंत उभी राहिले आणि मग जिन्यावर बसले. हे शेवटपर्यंत हलले नाहीत.

पैशाचा महापूर आला तसा ओसरलाही. १ मे १८७३ ला व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन उघडलं आणि ९ मे ला शेअर बाजार कोसळला. रातोरात निघालेल्या बँका आणि बांधकाम कंपन्या बुडाल्या. त्या उन्हाळ्यात वर कॉलराही आला. संसदेला लागून असलेल्या एप्श्टाइन वाड्याचीच मिळकत पत्रिका बघा. गुस्टाव्ह एप्श्टाइन या बँकवाल्यानं तो थिओफिल हान्सेन या वास्तुकाराकडून बांधून घेतला, १८७१ च्या सुमारास राहायला गेला आणि १८७३ च्या पडझडीत बुडाला. वाडा विकावा लागला तो एका इंग्रज गॅस कंपनीला. पुढे सरकारनं घेतला, तिथे न्यायालय बसलं. मग शहराचं शाळाखातं. १९४५ ते १९५५ मध्ये शहर चार दोस्त राष्ट्रांत वाटलेलं असताना इथे सोव्हिएत लष्कराचं ठाणं होतं, आणि पुन्हा शाळाखातं. आता तो संसदेकडे आहे. मी नोकरीत असते तर एवढ्या फेरफारांवर एका बैठकीत सही केली नसती.

सार्वजनिक इमारतींपैकी संसद, नगरभवन आणि विद्यापीठ जिथे आहेत ती जागा तर शेवटपर्यंत लष्कर सोडत नव्हतं. ते कवायतीचं मैदान होतं. नगरभवन आधी भलतीकडे, शहर-उद्यानासमोर बांधायचं ठरलेलं. कायेटान फेल्डर या महापौरानं सम्राटाच्या मागे लागून ते मैदान सोडवून घेतलं. मग हान्सेननं ग्रीक देवळासारखी संसद बांधली, श्मिटनं गॉथिक नगरभवन, फेर्स्टेलनं इटालियन धाटणीचं विद्यापीठ. लोकशाही म्हणून ग्रीस, मध्ययुगातली स्वतंत्र शहरं म्हणून गॉथिक, विद्या म्हणून इटली. वेशभूषा स्पर्धेसारखं दिसतं खरं, पण दिसतं सुंदर.

शॉटनरिंगवरच्या पोलीस मुख्यालयापाशी मी ह्यांना जरा थांबवलं. तिथे रिंगथिएटर होतं. ८ डिसेंबर १८८१ ला प्रयोग सुरू व्हायच्या वेळी रंगमंचावरच्या गॅसदिव्यांनी पेट घेतला. गॅस बंद करताच अंधार झाला, दारं आत उघडणारी, बाहेर पडायला कोणाला जमेना. सरकारी आकड्याप्रमाणे ३८४ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी शहरात स्वयंसेवी रुग्णवाहिका संस्थेची स्थापना झाली, आणि नाट्यगृहांत लोखंडी पडदा, बाहेर उघडणारी दारं हे नियम आले. आपल्याकडे सभागृहाच्या दाराला कुलूप लावून चावी घरी नेणाऱ्या व्यवस्थापकांनी हे वाचावं.

हिटलरनं ऑस्ट्रिया घेतला तो १९३८ चा मार्च मात्र सगळ्याच मिळकत पत्रिकांवरून फिरला. १५ तारखेला तो राजवाड्याच्या नव्या भागाच्या सज्जातून बोलला. समोरचं हेल्डनप्लाट्स मैदान माणसांनी फुललं होतं. विद्यापीठासमोरचा एफ्रुसी वाडा नाझींनी बळकावला, कुटुंब देशोधडीला लागलं. युद्धानंतर वाडा परत मिळाला, तोपर्यंत राहायला कोणी उरलं नव्हतं. १९५० मध्ये विकला. या घराण्याचा वंशज एडमंड द वाल यानं इंग्रजीत त्यावर पुस्तक लिहिलं आहे. रस्त्याच्या त्याच तुकड्याला कित्येक दशकं कार्ल लुएगरचं नाव होतं. हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा कर्तबगार महापौर, आणि ज्यूद्वेषावर मतं मागणारा. २०१२ मध्ये ते नाव काढून ‘विद्यापीठ रिंग’ केलं. उशीर झाला, पण योग्य केलं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. महागडी पर्यटक गाडी घेऊ नका. श्वेडनप्लाट्सहून २ नंबरची ट्राम ऑपेराच्या अंगानं जाते, १ नंबरची विद्यापीठाच्या अंगानं. दोन्ही साध्या तिकिटावर जोडल्या की रिंगची फेरी होते. श्टुबनटोर या भुयारी स्टेशनावर उतरून जुन्या तटाचा तुकडा बघा. विद्यापीठासमोर पायऱ्या चढलात तर म्योल्कर बुरुजाचा वाचलेला भाग आहे. त्यावरच्या घरात बीथोवन राहत असे. तिथून खाली बघितलं की तट किती उंच होता आणि ग्लासी किती लांबवर होती, ते कुठल्याही नकाशापेक्षा चांगलं कळतं.

आणि तो जमिनी विकून उभा केलेला निधी? तट उरला नाही, सम्राट गेला, साम्राज्य गेलं, दोन महायुद्धं झाली. निधी मात्र गृहमंत्रालयाच्या कागदांवर एकविसाव्या शतकातही चालू होता, आणि तट पाडून दीडशे वर्षं उलटल्यावर ऑस्ट्रियाच्या लेखापरीक्षकांनी त्याच्या कारभारावर ताशेरे मारले.